कोल्हे सरांचं लॉगआउट

कॉम्प्युटरच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. मशीन बिचारं सांगितलेलं ऐकतं, माणसं ऐकत नाहीत! पांढुर्ण्याच्या आमच्या शिक्षण संस्थेत मी सिस्टीमचं काम पाहतो. कॉलेज पांढुर्ण्यात, शाळा आणि मोठी लायब्ररी सौंसरला. निकाल, हजेरी, लायब्ररी, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं होतं. ते एक करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सिंगल साइन-ऑन. माणूस कोण, हे पांढुर्ण्याचा एकच सर्व्हर ठरवणार आणि बाकी सगळे त्याच्या शब्दावर दार उघडणार. वर्ष गेलं त्यात, आणि डोक्यावरचे निम्मे केसही.

*

त्याआधी सगळ्यांचे पासवर्ड ऑफिसातल्या शकुंतलाबाईंकडे असायचे. लोक स्वतःच आणून द्यायचे, गावाला जाताना शेजारी किल्ली ठेवावी तसे. बाई ते एका लाल वहीत लिहायच्या. मी वही बंद करा म्हटलं, तर रुसल्या.

"पंधरा वर्षं झाले, एकाचा पासवर्ड दुसऱ्याले सांगतला नाई मी. आता त्या मशीनवर भरोसा, अन् माह्यावर नाई?"

शनिवारी त्यांनी ती वही जामसांवलीला नेली, मारुतीच्या पायाशी लावली आणि घरी कपाटात ठेवून दिली. सोमवारी सगळ्यांचे पासवर्ड बदलले. आता लोक नवे पासवर्डही बाईंनाच सांगतात. फरक इतकाच, की बाई ते लिहीत नाहीत, पाठ करतात.

*

नवी पद्धत समजावायला मीटिंग घेतली. तांत्रिक बोलायला लागलो तर निम्मे लोक पेंगायला लागले. मग म्हटलं, लग्नात दारावर मामा उभा असतो. तो ओळखून आत सोडतो. पुढे पंगतीत वाढणारा तुम्ही कोण म्हणून विचारत नाही. आपला सर्व्हर म्हणजे तो मामा.

सगळ्यांना पटलं. कोल्हे सरांनी मात्र हात वर केला. सर सौंसरचे लायब्रेरियन, रोज मोहगावहून येणारे. रिटायर व्हायला सहा महिने होते. जुन्या रजिस्टरातली, पुठ्ठे निघालेली हजारभर पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवून मगच जायचं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. कारण ती पुस्तकं ओळखणारे ते एकटेच होते.

"मामा निंघून गेला, तर जेवणाऱ्याले उठवते काय?"

असा प्रश्न कोणी विचारला, याचाच मला आनंद. मी ऐटीत सांगितलं, "नाही सर. एकदा आत गेला, की स्वतः लॉगआउट करेपर्यंत त्याला कोणी विचारत नाही."

सरांनी ते डायरीत लिहून घेतलं.

*

सुरू केलं त्या दिवशी सगळीकडे चाललं, एक लायब्ररी सोडून. ती कोणालाच आत घेईना. तीन दिवस मी नेटवर्कला शिव्या घातल्या आणि चौथ्या दिवशी सौंसरला गेलो. कोल्हे सरांनी संत्रं सोलून हातात दिलं. ते खाता खाता स्क्रीनच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. घड्याळ दहा मिनिटं पुढे!

पांढुर्ण्याचा सर्व्हर ओळखीची जी चिठ्ठी देतो, ती पाच मिनिटंच चालते. लायब्ररीच्या घड्याळाप्रमाणे प्रत्येकाची चिठ्ठी शिळीच येत होती.

"पुढं काहून केलं, सर?"

"मोहगावची गाडी चुकते न बाप्पा."

मी तापलो. वयाचा मान न ठेवता बरंच बोललो. सरांनी गुपचूप घड्याळ बरोबर केलं. आणि त्याच संध्याकाळी त्यांची साडेपाचची गाडी चुकली. मीच त्यांना मोटारसायकलवर मोहगावला सोडलं. वाटेत त्यांनी एका शब्दानं मला बोल लावला नाही, उलट घरी नेऊन चहा पाजला. मला फार ओशाळं वाटलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा लायब्ररीच्या भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं. भिंत माझ्या अखत्यारीत येत नाही, म्हणून मी ते पाहिलं नाही.

*

सरांच्या शेवटच्या दिवशी दीडशे पुस्तकं राहिली होती. रिटायर होणाऱ्याचं खातं पाच वाजता बंद, असा नियम. मी प्राचार्यांकडे आठ दिवस मागितले, मिळाले नाहीत. सौंसरला शाल-श्रीफळ चाललं होतं, आणि इकडे पांढुर्ण्यात मी त्यांचं खातं बंद केलं. वाईट वाटलं. सरांनी माझ्याकडे काही मागितलंही नव्हतं.

चार दिवसांनी पाहतो, तर लायब्ररीच्या यादीत पुस्तकं वाढलेली, आणि तीही कोल्हे सरांच्या नावानं! खातं तपासलं. बंदच होतं. घाबरून सौंसरला फोन लावला. नव्या लायब्रेरियन पल्लवी मॅडमनी उचलला.

"सर तं इथंच बसून राहिले न. शेवटच्या दिवशी सकाळी लॉगिन केलं, अजून लॉगआउटच नाई केलं. कॉम्प्युटर बंदच नाई करत आम्ही."

आत किती वेळ बसू द्यायचं, याची मर्यादा घालायचीच मी विसरलो होतो. सरांना बाहेर काढायला एक बटण पुरलं असतं. माझा हात तिथवर गेलाही.

"किती राहिले?" मी विचारलं.

"साठ."

मी फोन ठेवला आणि चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सौंसरची लाईट गेली. बॅटरी वीस मिनिटांची, आणि कॉम्प्युटर बंद पडला की सर कायमचे बाहेर. मीच कासावीस होऊन फोन केला. मागे धडधड आवाज येत होता.

"टेन्शन नका घेऊ, सर," पल्लवी मॅडम म्हणाल्या. "माह्या मामाचं मंडपाचं काम आहे. त्यानं जनरेटर आणून देल्लं."

शनिवारी संध्याकाळी खुद्द कोल्हे सरांचा फोन आला. आवाज जरा ओला होता.

"झालं सगळं. आता उठू काय?"

"सावकाश, सर," मी म्हटलं.

स्क्रीनवर त्यांचं लॉगआउट दिसलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. साडेपाचच्या गाडीला अजून दहा मिनिटं होती.