पान तसंच, नियम वेगळा

"म्याडम, तुमचं यंत्र पुन्हा बोंबलून राहिलं," वानखडे सर म्हणाले. ते अमरावतीतल्या आमच्या शेतकरी केंद्राचे प्रमुख.

यंत्र म्हणजे मी लिहिलेला छोटासा प्रोग्राम. शेतीचे दिवस वाईट होते, त्यामुळे सरकारी घोषणांना सुगी आली होती. आज एक अट, उद्या दुसरी. प्रोग्राम रोज सरकारी वेबसाइटची ठरावीक पानं उघडायचा, कालच्या पानांशी ताडून पाहायचा आणि फरक दिसला की मला मेल टाकायचा. मग आम्ही सभासदांना कळवायचो.

त्या दिवशीचा फरक काय, तर पानाच्या तळाशी असलेला भेट देणाऱ्यांचा आकडा. तो तर रोजच बदलणार. मी तेवढा भाग तपासणीतून वगळला. यंत्र गप्प झालं, सर खूश झाले.

पुढच्याच आठवड्यात अकोटहून रशीदभाईंचा फोन आला. आमचे जुने सभासद, कपाशीवाले. हमीभावाच्या केंद्रावर कापूस द्यायचा तर आधी नावनोंदणी लागायची. ती हुकली की व्यापारी म्हणेल तो भाव. रशीदभाईंच्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला आणि घरची माणसं ओसरीत झोपत होती.

"ताई, नोंदणी आजच बंद होते म्हणते इथला बाबू. तुमी तं महिनाअखेर सांगतली होती ना?"

"पानावर काहीच बदललं नाही, भाई."

"पानावर नसन. इथं खिडकीवर बदललं. सातबारावर यंदाचा कपाशीचा पेराबी मागून राहिले."

मी पान उघडलं. एक अक्षर हललेलं नव्हतं. मग त्यावरच्या सूचनेची पीडीएफ उघडली. फाइलचं नाव जुनंच, पण आत मुदत आजची आणि पेऱ्याची अट नवी. माझं डोकंच फिरलं.

ही सूचना टाकणाऱ्या अकोल्याच्या ऑफिसात ओळखीचे एक बाबू होते. त्यांना फोन लावला.

"पान बदलाले मुंबईची मंजुरी लागते, म्याडम. फाइल बदलाले कोणी इचारत नाही. मंग आमी त्याच नावानं नवी फाइल टाकतो."

"पण लोकांना कळणार कसं?"

"वेबसाइटवर आहे ना."

मी फोन ठेवला. रशीदभाईंना आधी पेऱ्याची नोंद असलेला सातबारा आणायला तलाठ्याकडे पिटाळलं. मग एक फोन सरांनी धरला, एक मी, आणि अकोटकडच्या सगळ्या सभासदांना एकेक करून सांगितलं. जेवणाचे डबे तसेच राहिले.

संध्याकाळी रशीदभाईंचा फोन आला. "झाली नोंदणी. माह्या मांगच्याचीबी झाली. मंग खिडकी लावली त्यायनं."

"आपलं कोणी राहिलं का?"

"दोघं राहिले. एस.टी. उशिरा आली त्यायची."

त्या दोघांचा कापूस व्यापाऱ्यानं नेला, त्याच्या भावानं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रोग्राम आता पानाबरोबर आतली फाइलही ताडतो. पण 'काही बदललं नाही' असं कोणाला सांगण्याआधी मी रशीदभाईंना फोन करते आणि विचारते, आज खिडकीवर काय म्हणून राहिले?