चहा आधी सांगायचा नाही

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, ऑफिसनं मला कोच दिलाय. म्हणजे नक्की काय होणार गं?" मला हसू आलं. मलाही एक मिळाली होती, जालन्यात, तू जन्मायच्या आधी.

तेव्हा मी एका बियाणे कंपनीत कचेरी सांभाळत होते. मालकांना सगळा कारभार माझ्यावर सोपवायचा होता. पण शेतावरचं काम बघणारे आमचे मुख्य गृहस्थ, टेंभुर्णीचे, नोकरी सोडायच्या गोष्टी करत होते. शेतकऱ्यांकडून बियाणं पिकवून घ्यायचं सारं काम त्यांच्या ओळखीवर चालायचं. मालक म्हणाले, "त्यांना थांबवून दाखवा, मग खुर्ची तुमची." आणि पुण्याहून एक कोचबाई बोलावल्या.

शाळेत तपासणी असावी तशी मी तयारी केली. कपाटं आवरली, इंग्रजीत उत्तरं पाठ केली. बाईंनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. सकाळभर कोपऱ्यात बसून राहिल्या. दुपारी डबा खाताना एवढंच विचारलं, "चहा आला की तुमची माणसं बोलायची का थांबतात?"

"अहो, तो पाहुणचार आहे. माणूस आत आला की मी आधी चहा सांगते."

"एकदा शेवटी सांगून बघा."

मला रागच आला. एवढ्यासाठी पुण्याहून यायचं? आणि आलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवणं आपल्याकडे शोभतं का? तुलाही पहिल्या दिवशी असाच राग येईल. येऊ दे. पण सांगितलेलं एकदा करून बघ.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. बेलकडे निघालेला हात मी मांडीवर ठेवला.

"मॅडम, आज चहा न्हाई?"

"नंतर. आधी बोला."

"मंग आज बसू द्यायचा इरादा दिसतोय!" ते हसले. "इथं चहा आला म्हंजे दोन घोट घ्या अन् उठा, असंच समजतात सगळे. मागल्या खेपेला धावडा गावच्या बियाण्याच्या प्लॉटचं सांगायला आल्तो, तर अर्धं बोलणं कपातच राह्यलं."

मला वाईट वाटलं. ते बोलत गेले. पगाराची तक्रार नव्हतीच. शेतकऱ्याला शब्द द्यायचा आणि दर वेळी जालन्याला विचारायला यायचं, याची त्यांना लाज वाटत होती.

"गावात लोक म्हंतात, तुझ्या हातात हाये काय?"

माझं उत्तर जिभेवर तयार होतं. ते गिळलं आणि विचारलं, "काय असावं तुमच्या हातात?"

"कोणत्या गावात किती प्लॉट, ते या हंगामाला मला ठरवू द्या. चुकलो तर बिलकुल कान धरा."

"दिलं. ठरवा तुम्ही."

ते खुर्चीत नीट टेकून बसले. मग माझा हात बेलपर्यंत पोचायच्या आत दाराकडे वळून त्यांनीच शिपाईमामांना हाक मारली, "मामा, दोन चहा! जल्दी न्हाई, निवांत आणा. मी कुठं जात न्हाई."