लेकीनं उलटा फिरवलेला संसार

सरळ गोष्ट सांगायला काय धाड भरली होती आमच्या लेकीला? कॉलेजसाठी दहा मिनिटांचा सिनेमा केला, तोही आमच्यावरच, आणि सुरुवात कुठून? तर शेवटापासून. आधी आजचे तिचे पप्पा, उधन्याच्या लूमखात्यात, यंत्रमागांच्या गोंगाटात तीस वर्षं घालवून कान गमावून बसलेले. मग मागे, आणखी मागे, थेट लग्न होऊन आम्ही खानदेशातून बमरोलीला आलो त्या दिवसापर्यंत.

बरं, रंग तरी धड ठेवावेत! आजचं घर सगळं राखेच्या रंगाचं, आवाज बंद. जसजसं मागे जावं तसतसे रंग भडक आणि लूमचा खडखडाट मोठा. गेल्याच दिवाळीला मी भांडून स्वयंपाकघर पोपटी करून घेतलं होतं. ते राखाडी! आणि बमरोलीची पत्र्याची काळोखी खोली म्हणे सोनेरी. मी बोलायला गेले तर इथल्या गुजरातीत म्हणते, "मम्मी, तने नहीं समजाय." डोंबल समजाय!

मला खरी धास्ती होती ती यांची. आपल्या कष्टांचा लेकीनं तमाशा मांडला, असं यांना वाटलं तर? धड ऐकू येत नाही, त्यात गोष्ट उलटी. काय कळणार होतं यांना?

कॉलेजच्या हॉलमध्ये सिनेमा सुरू झाला. शेवटी न राहवून मी यांच्या कानाशी ओरडले, "सगळं उलटं केलंय हो पोरीनं!"

"मंग? धागा जठे तुटना, तठे मांगे जानंच पडस," हे हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले. पुढची पोरं खिदळली. त्यांना काय ठाऊक? लूमवर आडवा धागा तुटला की हे हातानं लूम उलटा फिरवायचे, तुटल्या जागी यायचे आणि तिथूनच पुढे विणायचे. नाहीतर कापडात फट राहते. यांना सिनेमा माझ्याआधी कळला होता. राग आला मला, खरं सांगते.

मग शेवटचा प्रसंग आला. पत्र्याची खोली, स्टोव्हपाशी माझ्या जागी एक कोवळी मुलगी. खडखडाट थांबला. तिनं ओठ हलवले न हलवले, "अहो" म्हटलं, आणि दारातला तरुण लगेच वळला.

हे पडद्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तवय तू इतली हळू बोले?"

"हो," मी म्हटलं. यांना ऐकू गेलं नाही. मग ओरडून सांगितलं.