पांढऱ्या फ्लेक्सवरचा चेहरा

आर्णीला शंकरभाऊंच्या घरासमोर पोचले तेव्हा अंगणात तिरडीचे बांबू येऊन पडले होते. आणि शंकरभाऊ ओट्यावर बनियनवर बसून चहा पीत होते. मी स्कूटी स्टँडवर लावायचीच विसरले.

"ताई, हे काय करून ठेवलं तुमी?" ते म्हणाले. "सकाळपासून लोक माया मातीले येऊन राह्यले."

शंकरभाऊ माझे क्लायंट. भांड्यांचं जुनं दुकान, आता मोठ्या जागेत जाणार होतं. मी पुण्यातल्या एजन्सीत आठ वर्षं काढून यवतमाळला स्वतःचं जाहिरातीचं काम सुरू केलेलं, आणि डोक्यात हवा पुरेपूर. आपल्याकडचा फ्लेक्स म्हणजे चाळीस चेहरे, सोनेरी चौकट आणि असतील नसतील ते सगळे रंग. मी म्हटलं, आपण टीझर करू. म्हणजे आधी अर्धवटच सांगायचं, लोकांना विचार करू द्यायचा आणि खरी जाहिरात नंतर लावायची. पांढराशुभ्र फ्लेक्स, मधोमध शंकरभाऊंचा हसरा ब्लॅक अँड व्हाइट चेहरा, खाली नुसती उद्घाटनाची तारीख, दोन आठवड्यांनंतरची. नाव नाही, गाव नाही.

छापणाऱ्याने विचारलं होतं, "म्याडम, हार राह्यला वाटते?" मी म्हटलं, नको, साधंच ठेवायचंय. बिचाऱ्याने मान डोलावली.

आदल्या संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागला आणि गावाला एका नजरेत सगळं समजलं. रंग गेलेला फोटो म्हणजे माणूस गेला. खालची तारीख तेरवीची. नाव घाईत राहिलं असेल. मी याच जिल्ह्यात वाढले, माझ्या आजोबांचा फ्लेक्सही अगदी असाच होता. तरी मला ते दिसलं नाही, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

बांबू आणणाराच आता हसत होता. मीही हसणार, तेवढ्यात दारात ऑटो थांबला. शंकरभाऊंची मुलगी कविता उतरली. वणीला दिलेली. तिला कुणीतरी फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. वडिलांचा फोन सारखा एंगेज, कारण अर्धं गाव तोच नंबर लावत होतं. पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून ती तशीच बसमध्ये बसली होती.

तिने वडिलांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि ओट्यावर मटकन बसली. अंगणातलं हसू थांबलं.

"म्याडम," ती मला म्हणाली, "तुमच्या बाबाचा फोटो असा चौकात लावला असता का तुमी?"

मी तिची माफी मागितली, चौकात गेले आणि फ्लेक्स स्वतः उतरवला.

उद्घाटनाला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मेलेला माणूस बघायला सगळा तालुका आला आणि आलोच आहोत तर म्हणून काहीतरी घेऊन गेला. दुपारपर्यंत स्टीलचे डबे संपले. शंकरभाऊंनी मला पेढा भरवला. कविता गल्ल्याजवळ उभी होती. मला बघताच तिने पाठ फिरवली.

चौथ्या दिवशी माझ्या ऑफिसात एक कापड दुकानदार आला.

"ताई, मले बी तसाच फ्लेक्स पायजे."

"तसाच म्हणजे?"

"तोच ना, बिनरंगाचा. फक्त फोटो माया बाबाचा टाका."

मला वाटलं, थट्टा करतोय. "बाबा कुठे आहेत तुमचे?"

"खाली गाडीत बसले हायेत."

मी खिडकीतून पाहिलं. म्हातारबांनी गुळगुळीत दाढी केली होती, पांढरा सदरा घातला होता आणि गाडीच्या आरशात बघून ते टोपी नीट करत होते. आपला फोटो कशासाठी निघणार आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

ते काम मी घेतलं नाही. आता कुणीही फोटो घेऊन आलं, की डिझाइनच्या आधी एकच विचारते: याला विचारलंय का?