नट अर्धा फेरा सैल

मोटारीच्या कारखान्यामागं बिऱ्हाड असलं की शेजारीण लागत नाही, असं माझी आई म्हणायची. खोटं आहे ते. शेजारीण लागतेच. किस्से मात्र आपोआप साठतात, रॉकेलच्या फडक्यावर काळं साठावं तसे. सांगायला कोणी नव्हतं, म्हणून माझ्याजवळच राहिले.

आमचे हे लोणावळ्यात मोटारी दुरुस्त करत. नाव झालं होतं ते गाडीचे धक्के काढण्यासाठी. त्या वेळच्या चांगल्या मोटारींना प्रत्येक चाकाजवळ एक नट असे. आवळला की घाटातल्या वळणावर गाडी घट्ट बसे, पण खड्डा थेट पाठीत. सैल केला की पाळणा, पण वळणावर डुले. मधली जागा हे शोधत, अर्धा अर्धा फेरा करत. दिवसभर गाडीशी पुटपुटत. घरात आले की गप्प.

मी एकोणीस वर्षांची, मांडीवर पाच महिन्यांची कुसुम. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघे. भीती वाटते, एवढं तरी कोणाला सांगावं?

*

मुंबईच्या एका पारशी शेठना मऊ गाडी हवी होती. "पोटातलं पाणी हलता कामा नये, मिस्त्री." ह्यांनी चारही नट सैल केले. शेठ खंडाळ्यापर्यंत गेले आणि परत आले. शेठाणी पिवळ्या पडलेल्या, हातात लिंबू.

शेठ म्हणाले, "मी तुला मोटर दिली होती. तू होडी परत दिली."

*

कामशेतकडच्या एका जमीनदार आबांनी जुनी मोटार घेतली. त्यांची तक्रार उलटी. "मिस्त्री, लय मऊ झाली. आवळ जरा."

"का आबा? त्रास होतो?"

"तरास न्हाई. पन पावनं बसल्या बसल्या झोपत्यात. मोटारीत बसवलंय, हे त्यांच्या ध्यानात नगं का ऱ्हायाला?"

ह्यांनी आवळून दिली. पुढल्या बाजाराला आबा आले ते गाडीत एकटेच.

"पाहुणे कुठं?"

"येत्यात मागनं. बैलगाडीनं."

*

नट बसवला की हे मला आणि कुसुमला मागच्या सीटवर बसवून वलवणपर्यंत फेरी मारत. पोर झोपलं, म्हणजे नट बरोबर. नळावरच्या बायका म्हणत, "तुमची काय बाई, रोज मोटार."

जाता-येता मला ह्यांची पाठ दिसे. प्रश्न एकच. "कुठं बसला धक्का?"

"मागं, डावीकडं."

झालं आमचं बोलणं.

*

एकदा फेरीत मी म्हटलं, "अहो, हिची छाती घरघरते."

"थांब. मला चाक ऐकू दे."

गाडी थांबली. ह्यांनी चाकाला कान लावला, मी कुसुमच्या छातीला. चाकाचं निदान लगेच झालं. कुसुमला मी ओवा भाजून शेक दिला, आठ दिवस. ह्यांना ते कळलंही नसावं.

*

मग एका डॉक्टरांची गाडी आली. चार वाजता परत द्यायची होती. नट आदल्या दिवशीच बसवले होते, ही शेवटची फेरी. वलवण आलं. कुसुम गाढ झोपलेली, धक्का कुठंच नाही.

"कुठं बसला?"

नाही म्हटलं असतं तर गाडी वळली असती, आणि पुढची मोटार येईपर्यंत मला कोणी काही विचारलं नसतं. मी म्हटलं, "मागं, डावीकडं. थोडासा."

हे उतरले, मागच्या चाकाशी वाकले, परत येऊन बसले. थोडं पुढं गेल्यावर, "आता?"

"अजून जरासा."

पुन्हा उतरले. पुन्हा बसले. असं चारदा. वलवण केव्हाच मागं पडलं होतं. कार्ल्याचा फाटा आला तेव्हा ह्यांनी विचारलं, "उजवीकडं काही?"

"उजवीकडंही आहे," मी म्हटलं.

हे उजवीकडूनही उतरून आले.

घरी पोचायला साडेचार झाले. डॉक्टर दारात उभे. मी कुसुमला घेऊन खाली उतरले. त्या नटाला लागणारा एकुलता एक पाना सकाळपासून दाराजवळच्या ओट्यावरच पडला होता.