एकाच बाजूचे आटे

आमचे आबा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. कुठलीही वस्तू हातात घेऊन फिरवून पाहिल्याशिवाय त्यांना पटत नसे, आणि माझी पीएच.डी. काही हातात घेता येत नव्हती. सत्तरच्या दशकातली ती मधली वर्षं. आठवडाभर मी पुण्यात वाहत्या पाण्याचं गणित करायची आणि शनिवारी पॅसेंजरने घरी यायची.

त्यातच शिरूरहून मागणी आली. मुलगा शिक्षक, माणसं चांगली, पण लग्न त्याच उन्हाळ्यात हवं होतं. लग्न झालं की अभ्यास संपला, हे कोणी बोलत नव्हतं, तरी घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शनिवारी घरी आल्यापासून मी धुसफुसत होते. शेवटी आबा म्हणाले, "मी त्यास्नी थांबा म्हनतो. पर कशापायी थांबायचं, ते मला सांगता आलं पायजे. उद्या विहारात सांग. चार मानसांत समजलं, तर मलाबी समजंल."

आमच्या वस्तीत ती रीतच होती. बाहेरगावी शिकणाऱ्याने रविवारी वंदना झाली की उभं राहायचं आणि काय शिकलो ते सांगायचं. कायदा, नर्सिंग, खतं, सगळं लोकांनी मन लावून ऐकलं होतं. माझ्या वेळी मात्र जो तो तोंडाकडे पाहत राहिला. तेवढ्यात शेजारच्या रेल्वे यार्डातल्या इंजिनाने धूर सोडला आणि मी सगळ्यांना अंगणात नेलं.

"तो मोठा लोळ बघा," मी म्हणाले. "तो फुटून लहान भोवरे होतात, त्यांचे आणखी लहान. शेवटी सगळा जोर नुसत्या उबेत जिरतो. पण भोवरा पुढं जाताना स्क्रूसारखा फिरतही असतो. काहींचे आटे उजवे, काहींचे डावे. दोन्ही सारखे मिसळले की फुटाफूट झपाट्यानं होते. एकाच बाजूचे जास्त असले, की मोठ्याकडून लहानाकडं जोर जायला उशीर लागतो. या पिळाला हेलिसिटी म्हणतात. किती उशीर आणि का, त्याचं गणित मी करते."

आमच्या विहाराचे अध्यक्ष मामा एकदम पुढे आले. "बराबर बोलली पोरगी! समद्यांचे आटे एका बाजूचे पायजेत, तवाच समाज टिकंल!" टाळ्या पडल्या. "मामा, मी धुराबद्दल बोलतेय," असं मी म्हणत होते, पण ऐकतंय कोण? मागच्या निवडणुकीत कोणाचे आटे उलटे फिरले, यावरच पुढचा सगळा वेळ गेला.

आबांनी टाळी वाजवली नाही. घरी येताना ते यार्डाच्या तारेच्या कुंपणापाशी थांबले आणि इंजिनाचा वर चढणारा धूर बघू लागले.

"म्हंजी जोर वाचत न्हाई. जातोच. निस्ता उशिरा?"

"होय आबा, उशिरा."

"मंग नीट हाय," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की घरी पोचताच आईने विचारलं, पोरगा पसंत पडला का?

दुपारी शिरूरची मंडळी उत्तर ऐकायला आली. आबांनी खिशातून नट-बोल्ट काढला आणि पाहुण्यांसमोर फिरवत, धुराच्या लोळापासून उबेपर्यंत, सगळं बिनचूक सांगितलं. "तवा हिला वेळ लागनार. थांबत असाल तर थांबा. न्हाईतर आमची काय तक्रार न्हाई."

मुलाच्या चुलत्यांनी विचारलं, "पर हे हुडकलं कुनी म्हनायचं?"

"आमच्या पोरीनं," आबा म्हणाले.

मी चहा घेऊन दारातच होते. ते परदेशातल्या मोठमोठ्या लोकांनी हुडकलं होतं, मी त्यांच्या मागून आकडेमोड करणारी. पण आबांचा चेहरा पाहिला आणि मुकाट्याने कप पुढे केले.

शिरूरकर थांबले नाहीत. सोमवारी सकाळी आबा मला गाडीवर सोडायला आले, खिडकीतून पिशवी आत दिली आणि म्हणाले, "ते हुडकलेलं तुझं न्हाई, म्हाईत हाय मला. पर आता मी सांगून बसलोय. तवा हुडक कायतरी."