बाराचा फोन

अर्लंड हॉव्हलंडचा गळा म्हणजे मिनेसोटातल्या त्या तालुक्याची शान. गुरांच्या बाजारात तो लिलाव पुकारायचा, असा भरभर आणि असा सुरात, की नुसता बघायला आलेला माणूसही गाय घेऊन घरी जायचा आणि बायकोच्या शिव्या खायचा. त्याच्या पोरीने, सोल्वेने, मात्र इंग्रजी साहित्य घेतलं आणि कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी इंग्लंडची वाट धरली. "पुस्तकं इथे मिळत नाहीत का गं?" एवढंच बापाने विचारलं, आणि विमानतळावर तिची बॅग स्वतःच वाहिली.

तिथल्या जुन्या कॉलेजात वर्ग कसले! आठवड्याला एक निबंध लिहायचा आणि बाईंच्या खोलीत बसून मोठ्याने वाचून दाखवायचा. या बाई, डॉ. हेस्केथ, डोळे मिटून ऐकायच्या. कौतुक नाही, रागावणं नाही. शेवटी एकच प्रश्न विचारायच्या, आणि पोरीची पार दांडी गुल. खोलीत शिरताना फोन बंद करायचा, हे कोणी सांगावं लागत नसे.

सोल्वे त्यात इतकी बुडाली की बापाने फोनवर बोलून ठेवलेले निरोप नुसते साठत गेले. रविवारी बोलूच की, असं म्हणायची. बोलायचीही, पण निरोप ऐकायचे राहूनच गेले.

ऑक्टोबरात बापाच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. ती परत यायला निघाली तर तो खेकसला, "खबरदार! तू येऊन काय चाकू धरणार आहेस? शीक तिथेच." ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मात्र आवाज खाली आणून म्हणाला, "एक बोलायचंय. आत्ता तुझी आई कानाशी उभी आहे. बुधवारी सकाळी सहाला करतो फोन, आत न्यायच्या आधी. नंतर हा आवाज नाही, पोरी. चुकवू नकोस."

मिनेसोटात सहा म्हणजे इंग्लंडात बारा, ही बेरीज सोल्वेला पाठ होती. अकराला वाचन, बाराला फोन. खोलीत एकटीने घड्याळाकडे बघत बसण्यापेक्षा तेच बरं, असं तिला वाटलं.

बुधवारी तिने एका शोकगीतावरचा निबंध वाचला. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाई, आज जरा लवकर जाऊ? बाराला बाबांचा फोन आहे. आज त्यांचं ऑपरेशन."

बाईंनी डोळे उघडले. "सोल्वे, तुमच्याकडे घड्याळं मागे कधी करतात?"

"येत्या रविवारी," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच कागद गोळा करून उठली.

हिवाळा आला की दोन्ही देशांत घड्याळं तासभर मागे करतात; इंग्लंडातली गेल्याच रविवारी मागे गेली होती, मिनेसोटातली अजून जायची होती. तासभर जास्त झोप मिळाली म्हणून ती खूश झाली होती, वेडी! हा एवढा एक आठवडा अंतर पाचच तासांचं. बापाने फोन केला होता तो अकराला.

बाहेर येऊन तिने फोन चालू केला. बापाने पुन्हा पुन्हा लावला होता. निरोप मात्र नव्हता. ठेवायला जागाच उरली नव्हती, त्याच्याच न ऐकलेल्या निरोपांनी ती भरली होती. काय म्हणावं या कर्माला! तिने घाईघाईने उलट फोन लावला. आईने उचलला. "आत नेलं गं त्यांना."

सोल्वे तिथेच पायरीवर बसली आणि रडत रडत जुने निरोप एकेक ऐकू लागली. 'पहिलं बर्फ पडलं.' 'कुत्र्याने तुझा बूट खाल्ला, जुनाच होता.' आणि एक असा: 'त्या बाईंना दर आठवड्याला वाचून दाखवतेस म्हणे. आम्हाला कधी? मला कळणार काही नाही, पण ऐकेन की.'

नाताळात ती घरी आली. बापाच्या गळ्याला फडकं, मांडीवर पाटी.

"बाबा, त्या दिवशी काय बोलायचं होतं?"

त्याने लिहायला खडू उचलला आणि परत ठेवला. मग 'जाऊ दे' असा हात हलवला आणि तिच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

तिने त्या बुधवारचाच निबंध काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मोठ्याने वाचला. आईने नळ बंद केला. बापाने डोळे मिटून घेतले.

वाचून संपलं. अर्लंडने ड्रॉवर ओढून लिलावाची हातोडी काढली आणि सौदा पक्का झाल्यावर मारायचा तसा टेबलावर एक ठोका मारला. मग कागद घ्यायला हात पुढे केला.